गंजाचा खोटा दाखला

१/२१
जुलै १९४३. कुर्स्कच्या मैदानात उतरलेला जर्मन ‘पँथर’ रणगाडा. प्रतिकृती १/३५ प्रमाणाची, हात अत्यंत कुशल. टरेटवरून तांबूस ओघळ उतरलेले, चिलखताच्या प्रत्येक कडेचे टवके उडालेले, मडगार्ड गंजाने खाऊन भोके पडलेली. अशी प्रतिकृती प्रदर्शनात ठेवली की भोवती गर्दी जमते आणि ‘किती खरी वाटते!’ असे उद्गार निघतात. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ती पहिल्याच प्रश्नाला अडखळते. पँथरचे उत्पादन जानेवारी १९४३ मध्ये सुरू झाले. कुर्स्कची लढाई ५ जुलैला पेटली. म्हणजे हे यंत्र फार तर सहा महिन्यांचे. मग इतका गंज आला कोठून?

२/२१
स्केल मॉडेलच्या छंदात रंगकामानंतरच्या शेवटच्या टप्प्याला ‘वेदरिंग’ म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ, चिखल, तेल, काजळी आणि वापर यांच्या खुणा प्रतिकृतीवर उमटवण्याची ही कला. पातळ रंगाचा वॉश, कोरड्या कुंचल्याने कडा उजळणे, स्पंजने टवके उमटवणे, हेअरस्प्रेचा थर देऊन वरचा रंग पाण्याने खरवडणे, रंगद्रव्याची पूड चोळणे अशी तिची साधने. या साधनांवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो इतिहास न विचारता सर्वत्र गंज फासण्याच्या रूढीवर. तिला ‘वास्तववाद’ हे नाव मिळाले आहे आणि ते नाव खोटे आहे.

३/२१
प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की लोहाचे जलयुक्त ऑक्साइड तयार होते. हा थर सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. तो आतल्या धातूला झाकत नाही, उलट ओलावा धरून ठेवतो, म्हणून गंज आत आत जात राहतो. मिठाच्या संगतीने त्याचा वेग वाढतो. कोकणातल्या घराच्या खिडकीचे गज आणि सोलापुरातल्या घराचे गज शेजारी ठेवले तर हा फरक शाळकरी मुलालाही कळेल. सारांश, गंज हा नुसता रंग नाही. तो धातूची जात, हवामान, उलटलेला काळ आणि झालेली वा न झालेली निगा या चार गोष्टींचा दाखला आहे. प्रतिकृतीवर गंज रंगवणारा माणूस या चारही गोष्टींबद्दल विधान करीत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

४/२१
आता पुन्हा कुर्स्ककडे. तेथे उतरलेल्या सुमारे २०० पँथरपैकी कितीतरी यांत्रिक बिघाडाने बंद पडले. त्यांचे दुखणे इंजिनात आणि गिअरपेट्यांत होते, चिलखत झिजण्याइतके आयुष्य त्यांना मिळालेच नव्हते. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा ठरला. हिरवा व तांबूस तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना मिळत असे आणि तो पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून सैनिक आपल्या हातांनी पट्टे ओढीत. पाण्यात कालवलेला रंग पावसाने फिका पडे, धुपून जाई. वेदरिंग करणाऱ्यासाठी केवढी मोठी खाण आहे ही! एकाच तुकडीतील दोन रणगाडे दोन तऱ्हांनी विटलेले दाखवता येतील. पण रूढीला या बारकाव्याशी कर्तव्य नाही. तिला नारिंगी ओघळ हवे असतात.

५/२१
या रूढीचा सर्वांत विनोदी घोटाळा प्रायमरबाबत होतो. जर्मन पोलादावर मूळ रंगाखाली तांबूस तपकिरी गंजरोधक लेप असे. वरचा रंग खरवडला गेला की आधी तो लेप दिसे. प्रतिकृतीकार तो रंग पाहतो आणि त्याला गंज समजतो. म्हणजे ज्या थराने गंज अडवला, त्यालाच गंज ठरवले जाते! जहाजांच्या आणि पुलांच्या पोलादावर पूर्वी लाल शिशाचा लेप देत. मराठी माणसाला हे द्रव्य अनोळखी नाही, कारण मारुतीला परंपरेने चढणारा शेंदूर तो हाच. शेंदराला गंज म्हणणाऱ्याच्या नजरेबद्दल जे म्हणता येईल, तेच या वास्तववादाबद्दल म्हणता येईल.

६/२१
मग चालत्या रणगाड्यावर गंज नसतोच काय? असतो, पण ठरावीक ठिकाणी. एक्झॉस्टची नळी इतकी तापते की तिच्यावरचा रंग जळून जातो आणि उघडे लोखंड लवकर तांबडे होते. ट्रॅकच्या कड्यांवर रंग टिकत नाही. थांबलेल्या रणगाड्याच्या ट्रॅकवर एका ओल्या रात्रीतही तांबूस छटा येऊ शकते, आणि सकाळी काही अंतर चालताच जमिनीला व चाकांना घासणारा भाग पुन्हा चकाकू लागतो. ओढण्याच्या तारेचे दोर, कुदळ-फावड्यांची पाती हीदेखील गंजाची हक्काची ठिकाणे. या ठिकाणी गंज रंगवणारा इतिहास सांगतो. जाड चिलखती पत्र्याला भोके पाडणारा कादंबरी लिहितो.

७/२१
गंजलेल्या रणगाड्याचे चित्र लोकांच्या डोळ्यांत कोठून भरले? त्याचे उत्तर जळालेल्या रणगाड्यात आहे. आग लागली की रंग आणि प्रायमर दोन्ही नष्ट होतात. उघडे पडलेले, तापून निघालेले पोलाद पावसाच्या पहिल्या सरीनंतर काही दिवसांतच नारिंगी दिसू लागते. लढाई सरल्यावर मैदानात पोहोचलेल्या छायाचित्रकाराला अशीच धुडे सापडत. ती जागची हलत नसत, त्यांच्याजवळ जाणे तुलनेने सुरक्षित असे. अशी छायाचित्रे भरपूर निघाली आणि मेलेल्या यंत्राचा रंग जिवंत यंत्राच्या अंगावर चढला. चितेवरच्या देहाकडे पाहून माणसाच्या कांतीचे वर्णन करावे, तसा हा प्रकार आहे.

८/२१
आता थोडे गणित. १/३५ प्रमाणात प्रतिकृतीवरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर. स्पंजने टेकवलेला २ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या चिलखतावर ७ सेंटिमीटर रुंदीचे खांडोळे. १/७२ च्या विमानावर तोच टवका १४ सेंटिमीटरहून मोठा होतो. १/७०० च्या युद्धनौकेवर अर्ध्या मिलिमीटरचा ओघळ ३५ सेंटिमीटर रुंद ठरतो. खऱ्या नौकेपासून जेवढ्या अंतरावर उभे राहिले की ती प्रतिकृतीएवढी दिसेल, तेवढ्या अंतरावरून बहुतेक टवके दिसणारच नाहीत. ज्या छंदाचे नावच ‘प्रमाणबद्ध प्रतिकृती’ आहे, त्यात लांबी-रुंदीला प्रमाण लागू आणि गंजाला मात्र माफी, हा न्याय कोणता?

९/२१
विमानांच्या बाबतीत तर रसायनशास्त्रच धाब्यावर बसते. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक लढाऊ विमानांचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. ॲल्युमिनियमवर पातळ, घट्ट ऑक्साइडचा थर बसतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. तो खराब झालाच तर पांढुरकी-करडी पूड येते. एक्झॉस्टसारखे मोजके पोलादी भाग सोडले, तर विमानाच्या पंखावर तांबडा गंज येणे शक्यच नाही. तरीही तसे पंख रंगवले जातात. युद्धाच्या उत्तरार्धात जपानी लष्कराच्या अनेक विमानांवर हिरवा रंग प्रायमरविना थेट धातूवर बसवलेला असे. तो सोलपटून निघे आणि खाली चंदेरी पत्रा दिसे. ते पोपडे टंचाईचा आणि घाईचा इतिहास सांगतात. पण तेच पोपडे ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर चालून गेलेल्या, निगुतीने रंगवलेल्या ‘झिरो’ विमानांवर चढवले की इतिहास उलटा होतो. यशाच्या शिखरावरचे नौदल मग पराभवाच्या छायेत दिसू लागते.

१०/२१
वाळवंटाचेही तसेच. १९४१ च्या आरंभी त्रिपोलीत उतरलेले जर्मन रणगाडे युरोपातल्या गडद करड्या रंगातच आले होते. नंतर त्यांच्यावर वाळूशी मिळता रंग चढला. वाळूच्या घर्षणाने तो जेथे झिजला, तेथे खालचा करडा रंग डोकावू लागला. कोरड्या हवेत गंजाला वाव कमी आणि घर्षणाला अधिक. म्हणजे आफ्रिकेतील रणगाड्याच्या झिजलेल्या कडेवर करडी रेघ ओढणारा माणूस एका रेघेत सांगून जातो की हे सैन्य युरोपाच्या तयारीने निघाले आणि आफ्रिकेत येऊन पोहोचले. तेथे तांबडी रेघ ओढली की ही गोष्ट पुसली जाते.

११/२१
समुद्रावर गंजाला खरा मान आहे, पण तेथेही तारीख विचारावी लागते. जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’ २४ ऑगस्ट १९४० रोजी नौदलात दाखल झाली. तिने १९ मे १९४१ रोजी आपल्या एकमेव मोहिमेसाठी बंदर सोडले आणि २७ मे रोजी ती बुडाली. वाटेत नॉर्वेच्या किनाऱ्यावर तिच्या अंगावरचे पट्टे करड्या रंगाने झाकण्यात आले होते. म्हणजे अखेरच्या आठवड्यात या नौकेवर ताजा रंग होता! याउलट ब्रिटिश ‘फ्लॉवर’ वर्गातील छोट्या कॉर्व्हेट नौका उत्तर अटलांटिकमध्ये व्यापारी काफिल्यांची राखण करीत फेऱ्यांमागून फेऱ्या मारीत. त्यांच्या कुशीवर आणि नांगराच्या साखळीखाली उतरलेले ओघळ छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. त्या नौकांनी तो गंज कमावला होता. बिस्मार्कला तेवढे आयुष्यच मिळाले नाही.

१२/२१
रेल्वेच्या प्रतिकृतींतही हाच विवेक हवा. कोळशाच्या वाघिणीच्या आतला रंग माल चढ-उतारताना खरवडला जातो. तेथला गंज खरा आणि न्याय्य. पण चाकांजवळ जो तपकिरी थर दिसतो, त्यात बिडाच्या ब्रेक-ठोकळ्यांच्या झिजेतून उडालेल्या धुळीचा मोठा वाटा असतो. तो गाडी धावत असल्याचा पुरावा आहे. गंज थांबलेल्या गाडीवर साचतो आणि ब्रेकची धूळ धावणाऱ्या गाडीवर. रंगाच्या बाटल्या शेजारी-शेजारी असतील, पण त्यांचे अर्थ परस्परविरोधी आहेत.

१३/२१
येथवरचा मुद्दा अचूकतेचा होता. खरा मुद्दा यापुढचा आहे. सरसकट गंज फासल्याने माणसांचे श्रम पुसले जातात. युद्धनौकेवर गंज खरवडणे, तारेचा ब्रश मारणे, लेप देणे आणि पुन्हा रंगवणे हे खलाशाचे कधीही न संपणारे काम. रणगाड्याचे पथक मुक्कामाला पोहोचले की झोपण्यापूर्वी ट्रॅकचा ताण पाहणे, वंगण घालणे, गाळण्या साफ करणे, तोफेची नळी पुसणे ही कामे उरकत असे. लढाईच्या वृत्तांतांत या श्रमांना एक ओळही मिळत नाही. त्यांचा पुरावा एकच आणि तो म्हणजे न गंजलेले पोलाद. प्रतिकृतीकार जेव्हा त्या पोलादावर गंज चढवतो, तेव्हा तो त्या निनावी हातांवर हलगर्जीपणाचा आरोप ठेवतो. आणि उत्तर द्यायला त्यांपैकी कोणी हजर नसते.

१४/२१
ही रूढी आली कशी? १९७० च्या दशकात अमेरिकन शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत मिळणाऱ्या पत्रकांतून प्रतिकृतीला प्रसंगाची चौकट दिली. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी पुढच्या दशकात वॉश आणि ड्रायब्रश घरोघरी पोहोचवले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनचे मिग हिमेनेझ यांच्यासारख्यांनी टवके, ओघळ आणि रंगछटांचे तंत्र परिपूर्णतेला नेले. त्याआधीच्या चकचकीत खेळण्यांतून बाहेर पडण्यासाठी हा प्रवास आवश्यकच होता. पण तंत्र जसजसे तयार बाटल्यांत मिळू लागले, तसतसे निरीक्षण मागे पडले. ‘गंजाचे ओघळ’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली विकत घेतली की ती कोठेतरी वापरलीच पाहिजे, असे हाताला वाटू लागते.

१५/२१
आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिला युक्तिवाद कलास्वातंत्र्याचा: ‘ही कला आहे, इतिहासाची परीक्षा नव्हे.’ हे मान्य. मग त्या प्रतिकृतीखाली ‘कुर्स्क, जुलै १९४३’ अशी पाटी का? पलटणीचे चिन्ह आणि रणगाड्याचा क्रमांक अचूक असावा म्हणून महिनोन्‌महिने संदर्भ का चाळले जातात? ज्याला कल्पनाचित्र काढायचे आहे त्याने खुशाल काढावे. पण इतिहासाची पाटी लावून प्रतिष्ठा घ्यायची आणि प्रश्न आला की कलेच्या आडोशाला जायचे, ही दुहेरी चाल आहे.

१६/२१
दुसरा युक्तिवाद छायाचित्रांचा: ‘जुन्या फोटोंत डाग दिसतात.’ दिसतात खरे. पण ते फोटो बहुधा कृष्णधवल असतात. त्यांतला गडद डाग तेलाचा, ओल्या चिखलाचा, सावलीचा, काजळीचा किंवा नव्या रंगाच्या पट्ट्याचाही असू शकतो. त्याला तांबडा रंग देणारे डोळे आजच्या काळातले आहेत. डाग पाहून थेट गंजाचा निष्कर्ष काढणे म्हणजे कागदावरची पुसट ओळ आपल्या मनाप्रमाणे वाचणे. जो इतिहासप्रेमी मोडी कागदातील एका अक्षरावरून तासभर वाद घालतो, त्याने छायाचित्रातील डागालाही तेवढाच आदर द्यायला हवा.

१७/२१
तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे. लहान वस्तूवर प्रकाश मोठ्या वस्तूसारखा पडत नाही. एकाच सपाट रंगातली प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते, म्हणून छायाप्रकाश थोडा वाढवावाच लागतो. हे खरे आहे. नटाच्या चेहऱ्यावरचा रंगभूषेचा थरही याच कारणाने गडद असतो. पण छटा गडद करणे वेगळे आणि नवे विधान करणे वेगळे. खाचेतली सावली वाढवल्याने रणगाड्याचे वय बदलत नाही, गंज चढवल्याने बदलते. रंगभूषाकार चेहऱ्याची रेषा ठळक करतो. विशीतल्या राजपुत्राची भूमिका असेल, तर तो त्याला सत्तरीच्या सुरकुत्या देत नाही.

१८/२१
याचा अर्थ स्वच्छ, कोरी प्रतिकृतीच खरी असाही नाही. संचलनाच्या मैदानावरून नुकता आला आहे असा रणगाडा युद्धाच्या प्रसंगात ठेवणे तितकेच खोटे. संग्रहालयांवरही आंधळा विश्वास नको. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये अनेक देशांचे रणगाडे पाहायला मिळतात आणि प्रत्येक इतिहासप्रेमीने ते पाहावेतच. पण उघड्यावर उभी असलेली अवजड वाहने टिकावीत म्हणून जगभरची संग्रहालये त्यांवर पुनःपुन्हा रंग चढवतात. आकार तेथून शिकावा. पृष्ठभाग मात्र त्या दिवसाच्या पुराव्यातून शोधावा.

१९/२१
जवळचे उदाहरण घ्यावे. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, आणि त्यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा. आग लागलेला रणगाडा सोडण्याचा आदेश मिळूनही ते लढत राहिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. भारताने सेंच्युरियन १९५० च्या दशकात घेतले होते, म्हणजे हे यंत्र नवे नव्हते. पण ते एका चोख रेजिमेंटच्या हातात होते आणि युद्ध सुरू होऊन १३ दिवस झाले होते. त्या सकाळच्या प्रतिकृतीवर सुरुंगक्षेत्र ओलांडताना उडालेली माती आणि नदीकाठचा चिखल शोभेल. शेवटच्या घटकेच्या प्रतिकृतीवर काजळी आणि जळून फुगलेला रंग शोभेल. जुनाट गंजाला यांपैकी एकाही क्षणात जागा नाही. तो तेथे रंगवणे म्हणजे त्या सकाळी रणगाडा सज्ज ठेवणाऱ्या प्रत्येक जवानाचा अवमान आहे.

२०/२१
ही सवय प्रतिकृतीपुरती थांबत नाही. भूतकाळ म्हणजे मोडकळीस आलेले, विटलेले, गंजलेले असे काहीतरी, ही समजूत तिच्यातून पक्की होते. दिवाळीत अंगणात मातीचा रायगड उभारणारी मुले किल्ल्यावर काय दाखवतात? बहुधा आज दिसणारी जोती आणि ढासळलेल्या भिंती. पण १६७४ च्या राज्याभिषेकाच्या दिवशी त्या जोत्यांवर लाकडी इमारती उभ्या होत्या. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत वाड्यांची राख झाली. आज दिसतो तो १८१८ नंतरचा रायगड. त्या अवशेषांत १६७४ चे मावळे उभे करणे आणि कुर्स्कच्या नव्या रणगाड्यावर भंगारातला गंज चढवणे, या दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. दोन्हींत वस्तूच्या मरणोत्तर रूपाला तिचे आयुष्य समजले जाते. आपल्या काळात प्रत्येक गोष्ट कधीतरी नवी, वापरातली आणि कोणाच्या तरी अभिमानाची होती, हे भान सुटले की इतिहासातून माणूस निघून जातो आणि मागे फक्त अवशेष उरतात.

२१/२१
उपाय अवघड नाही. स्पंज हाती घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. तारीख कोणती? यंत्र त्या दिवशी किती जुने होते? धातू कोणता? हवा कशी होती? आणि त्याची निगा कोण राखत होते? उत्तरे मिळतील तेथे रंग द्यावा, मिळणार नाहीत तेथे हात आवरावा. प्रदर्शनांच्या परीक्षकांनीही एक नियम करावा: प्रतिकृतीशेजारी पलटण आणि क्रमांक लिहिला जातो, तशीच पृष्ठभागावरच्या खुणांची कारणे दोन ओळींत लिहिली जावीत. कॉर्व्हेटच्या कुशीवरचा ओघळ, आफ्रिकेतली करडी रेघ, वाघिणीच्या आतला तांबडा पत्रा हे सारे त्या दोन ओळींत सहज बसेल. ज्या गंजाचे कारण दोन ओळींत सांगता येत नाही, त्याला गुण देऊ नयेत.